आखाजीची खोटी लेक

२९ एप्रिल, मंगळवार

पुन्हा मीच! सबंध उपविभागात चौदा माणसं. दोन रजेवर, एक बारमाही आजारी. तरी अकरा उरतात की नाही? पण पंच पाठवायचा म्हटलं की साहेबांच्या तोंडात प्रेमराज सोडून दुसरं नावच येत नाही. वर म्हणतात, "तुमचं अक्षर चांगलं आहे हो." पंचाच्या अक्षराचा काय संबंध? त्याला फक्त सही करायची असते.

पोलिसांचं पत्र आलंय. उद्या सकाळी नऊला दोन सरकारी पंच हवेत. कुठे जायचं, कशासाठी, ते आधी सांगत नाहीत. छाप्याच्या वेळी बाजूला उभं राहायचं, जे दिसेल त्याच्या कागदावर सही ठोकायची, आणि पुढे कोर्टाने बोलावलं की तेच सांगायचं. सरकारी माणूस उलटत नाही म्हणून सरकारी पंच. उलटला तर खात्याची चौकशी मागे लागते, हे त्याला बरोबर माहीत असतं.

आणि उद्या अक्षय्य तृतीया, आमची आखाजी! साऱ्या खान्देशातल्या लेकी उद्या माहेरी. ज्योत्स्नाला गाडीवर बोरदळ्याला सोडायचं, तिथेच खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, मग दुपारी आडवं व्हायचं, असा साधा बेत होता माझा. तिला सांगितलं तर म्हणाली, "अहो, 'नाही' हा शब्द तुम्हाला शाळेत शिकवलाच नव्हता का?" आता ती बसने जाणार आहे. तोंड फुगवून पिशवी भरणं चाललंय.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

संपला एकदाचा दिवस. पायांचे तुकडे पडलेत, पोटात फरसाणाखेरीज काही नाही.

नऊ म्हणजे पोलिसांचे साडेदहा. खासगी गाडी, पुढे फौजदार हितेंद्र साहेब. मागे मी, भूमी अभिलेखचे नीलेश म्हणून दुसरे पंच, आणि साध्या लुगड्यात एक पोलीस बाई, पुनम. पिंपळनेरकडची पोरगी, अहिराणी फाडफाड. गाडी धुळे रस्त्याला लागल्यावर साहेबांनी सांगितलं, पारोळ्याला जायचंय. बियाण्यांच्या दुकानात. चोरबीटी पकडायची आहे.

चोरबीटी म्हणजे ते कपाशीचं बियाणं, ज्याला सरकारची परवानगी नाही. तणनाशक फवारलं की तण मरतं, कपाशी मरत नाही, म्हणून लोक वेडे झालेत त्याच्यापायी. गुजरातकडून येतं. पुनम गिऱ्हाईक बनून दुकानात जाणार, नंबर टिपून ठेवलेल्या नोटा देणार, पाकिटं घेणार, डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली की यांनी धाड टाकायची.

"आज तरी होईल ना?" साहेबांनी तिला विचारलं.

"काय माहीत साहेब. दोनदा जाऊन आले. म्हातारा म्हणतो, बाई, हा माल मी ठेवत नाही, आणि जो ठेवतो त्याच्याकडे तू जाऊ नको. वर मला पाणी पाजलं."

मी म्हटलं, नाही म्हणतो तर सोडा ना त्याला.

साहेब वैतागले. "सगळेच नाही म्हणतात हो. मला वरून आठवड्याला दोन केसेस मागतात. शेजारच्या तालुक्याने काल तीन दिल्या. मी काय आखाजीच्या शुभेच्छा देऊ?"

दुकान कोणाचं, विचारलं. भंवरलाल शेठचं! आता भंवरलाल शेठ म्हणजे आमच्या सासुरवाडीचेच की. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, पण ज्योत्स्ना दर आखाजीला तीच टकळी लावते. शेठजी राजस्थानातून आले तेव्हा तिच्या आजोबांनी, चुडामण आबांनी, त्यांना बिनभाड्याने ओटा दिला. त्या ओट्यावर दुकान उभं राहिलं. पुढे पारोळ्याला गेले, मोठे झाले, पण अजून बोरदळ्याची लेक दुकानात आली की तिला रिकाम्या हाताने जाऊ देत नाहीत. आणि आबांच्या घरची असेल तर विचारूच नका.

हे मी गाडीत सांगितलं. अकरा वाजून गेले होते, ऊन चव्वेचाळीस, आणि हे असं नाही-हो करत बसले तर संध्याकाळ होणार, हे मला दिसत होतं. एकदा काम उरकलं की पारोळ्याहून सासुरवाडी किती, दोन कोस! रस मिळाला असता.

साहेबांनी मान वळवून विचारलं, "ओळखता का त्यांना?"

"तोंडओळखसुद्धा नाही."

"मग हरकत नाही," म्हणाले. पुनमने सासुरवाडीचं गाव, आबांच्या घराची खूण, सगळं विचारून घेतलं. हुशार पोरगी आहे.

दुकानात मी फवारणीचे पंप बघत उभा. नीलेश ताडपत्रीपाशी. शेठजी गादीवर, पंचाहत्तरीचे, धोतर, कानात ऐकायचं यंत्र. पुनम आत आली आणि रडायलाच लागली. नवरा बोलतो, सासू बोलते, निंदणीला बाया मिळत नाहीत, शेजाऱ्याने चोरबीटी लावली, तुम्ही नाही म्हणालात तर घरी कोणत्या तोंडाने जाऊ. शेठजींनी हात जोडले. नाही म्हणजे नाही.

मग ती म्हणाली, "शेठ, मी बोरदळानी शे. चुडामण आबानी नात."

म्हातारा गादीवरून उठून उभा राहिला हो! "आबाना घरनी पोर! आनि दोनदा उनी तरी सांगं नही? मनाच दोष शे, मी इचारं बी नही." आतून सुनेला हाक मारली. प्रियल म्हणून सून आहे, ती कुंकवाचं ताट घेऊन आली. पुनमला पाट दिला, कुंकू लावलं, ब्लाउजपीस दिला. शेठजी स्वतः चप्पल घालून समोरच्या गल्लीत गेले. पंधरा मिनिटं! मी तोच एक पंप अठराव्यांदा उघडबंद करतोय. आले ते धापा टाकत, धोतराच्या सोग्याखाली दोन पाकिटं. कोणा शेतकऱ्याने स्वतःसाठी आणून ठेवलेली, त्याच्या हातापाया पडून आणली म्हणाले.

पुनमने नोटा पुढे केल्या. शेठजींनी कानाला हात लावले. "आखाजीना दिन, आनि गावनी पोरपाशीन पैसा लेतस का कोनी?" दोन-तीनदा ढकलाढकली झाली. शेवटी तिने नोटा कुंकवाच्या ताटाशेजारी ठेवल्या आणि डोक्यावर पदर घेत बाहेर पडली.

पुढचं नेहमीचं. साहेब आणि मागच्या गाडीतले शिपाई आत, आरडाओरडा, प्रियलबाईंच्या हातून ताट पडलं. शेठजींना काही ऐकूच येईना, यंत्र निसटून लोंबत होतं. सारखे एकच विचारत होते, "पोर कोठे गयी? तिले काही करू नका."

नोटा हितेंद्र साहेबांनी ताटाजवळून उचलल्या आणि गल्ल्यात टाकल्या. मग मला म्हणाले, या, गल्ला उघडा, बघा काय आहे.

पंचनाम्यात आलं: 'सदर इसमाने रक्कम स्वीकारून गल्ल्यात ठेवली.' मी म्हटलं, साहेब, नोटा टेबलावर होत्या.

"टेबल कोणाचं?"

"त्यांचं."

"गल्ला कोणाचा?"

"त्यांचाच."

"मग?"

 नीलेशने न वाचता सही केली होती आणि घड्याळ बघत होता. पाच वाजून गेलेले. मी सही केली. गाडी सुटेना त्याशिवाय.

उतरताना पुनम म्हणाली, भाऊ, तुमच्यामुळे काम झालं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. आमच्या ऑफिसात वीस वर्षांत असं कोणी म्हटलेलं नाही.

२ मे, शुक्रवार

पेपरात आलंय: 'पारोळ्यात चोरबीटीचा साठा जप्त, व्यापारी अटकेत.' साठा! दोन पाकिटांचा साठा. आमच्या घरात यापेक्षा जास्त मीठ असतं. शेठजींना दोन दिवस कोठडी मिळाली. ज्याच्याकडून पाकिटं आणली त्या शेतकऱ्याचं नाव कुठे नाही. मी गाडीत विचारलं होतं, साहेब म्हणाले, त्याच्यात पडलो तर केस लांबते.

३ मे, शनिवार

ज्योत्स्ना माहेराहून आली ती पेटलेलीच. पायातली चप्पल काढायच्या आधी सुरू. "आबांचं नाव घेऊन! आबांना जाऊन बावीस वर्षं झाली. मेलेल्या माणसाच्या नावाने त्या म्हाताऱ्याला फसवलं! तिकडे आखाजीला अर्धा जिल्हा झाडाखाली पैसे लावून पत्ते कुटत बसला होता, ते नाही दिसले यांना!"

त्या छाप्यात पंच मीच होतो हे सांगावंच लागलं, कागदावर नाव आहे. पंचाच्या हातात काय असतं, आपण आपलं बाजूला उभं, असं म्हटलं. तिने चप्पल कोपऱ्यात भिरकावली.

"मग तुम्हाला कळलं असेल ना, आबांचं नाव त्या बाईला दिलं कोणी?"

"पोलिसांचे बातमीदार असतात."

"घरातलंच कोणीतरी आहे. ओट्याची गोष्ट बाहेरच्याला कशी माहीत?"

मी पेपर उघडला. ती पुढे म्हणाली, "तुम्हाला काय विचारायचं म्हणा. माझ्या माहेरची गोष्ट सुरू झाली की तुम्ही पेपरात डोकं घालता. आबांचं नाव तरी धड आठवतं का तुम्हाला?"

नाही आठवत, म्हणालो.

५ मे, सोमवार

शेठजी जामिनावर सुटले. बरं झालं. दुकानाचा बियाण्याचा परवाना मात्र निलंबित.

ज्योत्स्नाने गुन्हेगार शोधून काढलाय. सुपडू! तिचा सख्खा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी खतावरून त्याचं शेठजींशी वाजलं होतं, म्हणून त्यानेच नाव पुरवलं म्हणे. सकाळी फोनवर जो काय दंगा केला, समोरच्या कुंदाबाई गॅलरीत येऊन उभ्या. तो पलीकडून शपथा घेत होता, पोरांची शपथ, मायची शपथ. ही म्हणाली, "मायनी शपथ लेऊ नको, जीभ झडी जाई." आणि फोन कट.

दोन दिवसांत निवळेल. बहीणभावांचं भांडण म्हणजे काय!

१४ जून, शनिवार

निवळलं नाही.

ज्योत्स्ना पारोळ्याला जाऊन आली. मला न विचारता. शेठजींच्या पाया पडून आबांच्या घराच्या वतीने माफी मागितली म्हणे. त्यांनी तिला ओळखलं, चांगलं चाळीस वर्षांपासून ओळखतात. तरी म्हणाले, "बेटा, बुरा मानू नको, आधार कार्ड दाखव." तिने दाखवलं. मग रडले. दुकानात आता दोर आणि ताडपत्री तेवढी विकतात. मुलगा रोनक म्हणतो, बापूजी, दुकान बंद करू. ते म्हणतात, बंद केलं तर लोक म्हणतील चोरच होता.

हे सगळं तिने मला जेवताना सांगितलं. भाजीत मीठ जास्त झालं होतं, त्यावरून मी उगीच आवाज चढवला.

२७ जुलै, रविवार

यावलला मावसभावाकडे गेलो होतो. रस्त्याने केळी संपली की कपाशी, कपाशी संपली की केळी. भाऊ शेताच्या बांधावर उभं राहून सांगत होता, हे माझं चोरबीटीचं, ते शेजाऱ्याचं चोरबीटीचं, ते पलीकडचं सरपंचाचं. आख्ख्या शिवारात एकही माणूस कोठडीत गेलेला नाही. गेला तो एक म्हातारा, ज्याने दोनदा नाही म्हटलं आणि तिसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत.

हे लिहिताना हात थांबला. असू दे.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. ज्योत्स्ना गेली नाही. सुपडूच जळगावला आला होता, बसस्टँडवरून मला फोन केला, "दाजी, अक्का घर मा येऊ दी का?" मी विचारलं. ती म्हणाली, आला तर मी मागच्या दाराने जाईन. तो तसाच परत गेला. मनगट रिकामं घेऊन.

मला काय, माझं पेट्रोल वाचलं.

नाही, हे बरं लिहिलं नाही. पण खोडत नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीजही गेली. पुरे झालं आता! आज सांगायचंच ठरवून बसलो होतो. ते नाव मी दिलं. चार शब्द. तिने चहा आणून दिला आणि म्हणाली, "एक तुम्ही तरी आहात, ज्याच्या पोटात काही नसतं." चहा पिऊन मी बाजारात निघून गेलो.

१९ जानेवारी, सोमवार

समन्स आलं. पारोळा कोर्ट, ११ फेब्रुवारी, साक्ष.

दुपारी हितेंद्र साहेबांचा फोन. गोड बोलले. "जसं लिहिलंय तसं सांगायचं, दहा मिनिटांत मोकळे." लगेच आमच्या साहेबांचं बोलावणं. त्यांच्या हातात परिपत्रक. सरकारी पंच फितूर झाला तर शिस्तभंगाची कारवाई. "तुम्हाला सात वर्षं राहिलीत प्रेमराज. पेन्शनचा विचार करा." मी अजून तोंड उघडलंही नव्हतं! माझ्या कपाळावर लिहिलंय का, हा उलटणार म्हणून?

उलटणार नाहीच. का उलटू? म्हातारे बियाणं द्यायला तयार झाले हे खरं, पाकिटं त्यांनी आणली हे खरं, नोटा त्यांच्या दुकानात सापडल्या हे खरं. बेकायदा ते बेकायदा. सगळं खरं आहे. मग झोप का लागत नाही, ते कळत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

क्रमाने लिहितो, नाहीतर चुकेल.

कोर्टाच्या व्हरांड्यात पुनम भेटली. वाळलीये. तिची साक्ष माझ्यानंतर होती. मी म्हटलं, तुम्हाला काही वाटतं का हो? ती एकदम उसळली. "मला काय वाटायचं भाऊ? दोनदा त्यांनी मला परत पाठवलं होतं. साहेबांना तसं सांगितलंही होतं, हा माणूस विकत नाही. तिसऱ्यांदा जमलं ते कशाने, तुम्हीच सांगा." आणि तोंड फिरवून बसली.

तेवढ्यात पुकारा झाला.

पिंजऱ्यात उभा राहिलो. शेठजी समोर बाकावर, शेजारी प्रियलबाई आणि रोनक. सरकारी वकिलांनी पंचनामा दाखवला. सही तुमचीच का? माझीच. मजकूर बरोबर आहे? मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, नाही.

"काय नाही?"

"रक्कम त्यांनी स्वीकारली नाही. नोटा टेबलावर, कुंकवाच्या ताटाजवळ होत्या. गल्ल्यात साहेबांनी टाकल्या."

वकिलांनी तिथल्या तिथे मला फितूर ठरवून घेतलं आणि अर्धा तास सोलून काढलं. किती पैसे मिळाले, आरोपी तुमच्या सासुरवाडीचे ना, बायकोने पढवलं ना. मागे हितेंद्र साहेब डोळे वटारून उभे. 

मग शेठजींचे वकील उठले. त्यांना हवं ते मिळालं होतं, उगीच एक प्रश्न विचारायचा म्हणून विचारला. या पोलीस बाईला आरोपीच्या गावाची, चुडामण यांच्या घराची माहिती कोठून मिळाली, हे आपल्याला माहीत आहे काय?

माहीत नाही म्हटलं असतं तर संपलं होतं. घरी जाऊन जेवलो असतो.

"मीच दिली," म्हणालो. "गाडीत. मला लवकर घरी जायचं होतं."

टाईप करणाऱ्या बाईंनी वर बघितलं. न्यायाधीश म्हणाले, पुन्हा सांगा. पुन्हा सांगितलं. कागदावर आलं.

बाहेर नळाशी तोंड धुतलं. शेठजी काठी टेकत आले. मी वाकलो, त्यांनी पाय मागे घेतले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. नव्या यंत्राला हात लावून, ते नीट बसलंय का बघून, म्हणाले, "जावईबापू, त्या दिवशी मी गल्लीत गेलो, पाकिटं घेऊन परत आलो. पंधरा मिनिटं तुम्ही माझ्या दुकानात उभे होतात. एकदा खोकला असतात तरी मी समजलो असतो."

आणि रोनकचा हात धरून गेले. निकालाला अजून तारीख पडेल, वकील म्हणतात सुटतील. मला काय विचारता, मी बसस्टँडवर कितीतरी वेळ चुकीच्या बसमध्ये बसून होतो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसात पोचायच्या आधी 'कारणे दाखवा' टेबलावर. दिवसा एरवी कुठलीही फाईल इकडची तिकडे होत नाही, ही रातोरात झाली! असो. मुदत सात दिवस.

दुपारीच घरी आलो. ज्योत्स्नाला सांगायचं होतं, पण प्रियलबाईंचा फोन आधीच येऊन गेला होता. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली, पुढ्यात निवडायची मेथी, निवडत नव्हती. मला वाटलं आता भांडी उडतील. उडाली असती तर बरं झालं असतं.

"मी म्हणत होते," ती म्हणाली, "तुम्हाला आबांचं नाव आठवत नाही."

मी डबा खाली ठेवला.

"नऊ महिने! माझ्या तोंडून त्याला काय काय बोलवलंत. आणि समोर बसून जेवत होतात."

काही तरी सांगायला गेलो, त्या दिवसाचं ऊन, उशीर, साहेब. माझं मलाच ऐकवेना. 

मेथी बाजूला सारून तिने फोन उचलला, नंबर लावला, आणि स्वतः न बोलता माझ्या हातात दिला. "माझी हिंमत नाही त्याच्याशी बोलायची. तुम्ही बोला. सगळं सांगा, काही गाळू नका."

घंटी वाजत होती. तिकडून उचललं, मागे मोटारीचा पंप चालू होता. सुपडूने बहिणीचा नंबर बघितला असणार, कारण हॅलोसुद्धा म्हणाला नाही.

"अक्का बरी शे ना?" त्याने आधी तेच विचारलं.